इलेक्ट्रॉनिक लॉगबुक: चार ॲप, नियामकाच्या चष्म्यातून

‘एफएए-मान्य’ असा शिक्का मिरवणारं लॉगबुक ॲप दिसलं की सावध व्हावं. वैमानिकाच्या वैयक्तिक लॉगबुकसाठी, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीसाठी, अमेरिकेची विमानवाहतूक नियामक संस्था एफएए कोणत्याही ॲपला मंजुरी देत नाही. तिच्या नियम ६१.५१ ला नोंद हवी ती ‘स्वीकारार्ह’ पद्धतीने ठेवलेली. कागद की टॅब्लेट, यावर तो गप्प आहे. युरोपात एफसीएल.०५० या नियमाखाली इलेक्ट्रॉनिक नोंद चालते, पण ती वैमानिकाने प्रमाणित केलेली आणि अधिकाऱ्याने मागितल्यावर दाखवता येणारी हवी. त्यामुळे ॲप निवडताना आधी पाहायचं ते दोन ठिकाणी: सही आणि छापील पान.

सहीच्या बाबतीत मायफ्लाइटबुक चोख आहे, तेही फुकटात. प्रशिक्षकाने सही केलेल्या उड्डाणात नंतर बदल केला की ती सही अवैध दिसू लागते. नुसतं बोटाने गिरवलेलं नाव पुरेसं नाही. सही कोणाची, कोणत्या नोंदीवर, कधी केली हे मागे जाऊन तपासता यायला हवं, आणि सही करणाऱ्याला ‘ही माझी नाही’ म्हणायला जागा उरू नये. प्रशिक्षण-नोंदीवर प्रशिक्षकाचा प्रमाणपत्र क्रमांकही लागतो. तो रकाना रिकामा राहिला तर परीक्षेच्या दिवशीच खोळंबा होतो.

फोरफ्लाइट अमेरिकन पद्धतीने उडणाऱ्यांना सोयीचं. ट्रॅकवरून, म्हणजे ॲपने टिपलेल्या उड्डाणमार्गावरून, कच्ची नोंद आपोआप तयार होते, पण ती डोळे झाकून स्वीकारू नये. विमानाचा ब्लॉक टाइम, म्हणजे नोंदवायचा उड्डाणवेळ, उड्डाणासाठी पहिल्यांदा हलण्यापासून मोजतात. रेकॉर्डिंग धावपट्टीवर सुरू झालं असेल तर टॅक्सीची, म्हणजे विमान जमिनीवरून धावपट्टीकडे नेण्याची, मिनिटं गळतात. लॉगटेन देखणं आहे, मात्र फक्त ॲपलच्या उपकरणांवर चालतं. क्रूलाउंज पायलटलॉग विंडोज आणि अँड्रॉइडवरही चालतं आणि युरोपीय नमुन्यात पानं छापतं. एअरलाइनच्या वैमानिकाने आधी हेच पाहावं.

खरी फजिती परवाना एका देशातून दुसऱ्या देशात नेताना होते. अमेरिकेत त्या विमानाचं रेटिंग (ते उडवण्याची पात्रता) असलेला वैमानिक एकटाच नियंत्रण हाताळत असेल तर तो वेळ पीआयसी (पायलट-इन-कमांड) म्हणून नोंदवू शकतो, कमांड दुसऱ्याकडे असली तरी. युरोपात हे चालत नाही. एकच पीआयसी रकाना ठेवणाऱ्यांना जुनी उड्डाणं एकेक करून पुन्हा तपासावी लागतात. पहिल्या दिवसापासून अमेरिकन आणि युरोपीय पीआयसीचे दोन वेगळे रकाने ठेवा. चारांपैकी ज्या ॲपमध्ये स्वतःचा रकाना जोडता येत नाही, ते बाद.

दशांश पद्धतही फसवते. १ तास २० मिनिटं म्हणजे १.३ असं नोंदवलं तर प्रत्यक्षात १ तास १८ मिनिटंच जमा झाली. अशी ३०० उड्डाणं झाली की १० तास हवेत विरले. साठवण मिनिटांत, दशांश फक्त छापताना. वेळ यूटीसीत (जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत) ठेवा, नाहीतर मध्यरात्र ओलांडणारं उड्डाण भलत्या तारखेला जाऊन बसतं.

कागदावरून येणाऱ्यांनी मागची प्रत्येक ओळ टंकत बसू नये. विमानप्रकारानुसार आरंभीच्या बेरजा भरा आणि जुनं पुस्तक जपून ठेवा, कारण मूळ सह्या त्यातच आहेत. दर महिन्याला सीएसव्ही (नोंदींच्या तक्त्याची साधी फाइल) आणि पीडीएफ दोन्ही काढा: सीएसव्ही ॲप बदलताना लागते, पण तिच्यात सही टिकत नाही. पीडीएफ छापून प्रत्येक पानाखाली शाईने सही करा.