‘एनएचएलची ६८ टक्के शक्यता’ विकणाऱ्यांपासून सांभाळा

अमेरिकेत आणि कॅनडात ज्यांची मुलं आइस हॉकी खेळतात अशा मराठी आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. आपली संख्या अजून थोडी आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात हा खेळ आधी कुणीच खेळलेलं नाही. क्रिकेटमध्ये कुणी येऊन म्हणालं की तुमचा मुलगा रणजी खेळेल, तर एखादा मामा किंवा शेजारचे काका त्याला लगेच दोन आडवे प्रश्न विचारतात. हॉकीत तसं विचारणारं माणूस आपल्याकडे नसतं. एनएचएलची, म्हणजे आइस हॉकीच्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगची, आशा दाखवून आम्हाला फसवणाऱ्याने नेमकं हेच हेरलं होतं.

आम्ही मिनेसोटात राहतो. मुलगा लहानपणापासून रिंकवर वाढला. हायस्कूलनंतर दोन वर्षं ज्युनियर लीगमध्ये खेळला आणि विसाव्या वर्षी डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सर्वांत वरच्या गटाच्या, एका कॉलेजात गेला. पुण्यातल्या आजी-आजोबांना वाटलं, नातवाची दोन वर्षं वाया गेली. पण कॉलेज हॉकीत हे नेहमीचं आहे. पहिल्या वर्षी त्याला फार खेळायला मिळालं नाही. दुसऱ्या वर्षी तिसऱ्या लाइनवर (लाइन म्हणजे पुढच्या तिघांचा गट, सर्वांत भरवशाचे पहिल्या लाइनवर) विंगर, म्हणजे कडेचा आक्रमक, म्हणून जागा पक्की झाली, पॉवर प्लेच्या (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाच्या खेळाच्या) दुसऱ्या गटातही घेतलं, आणि त्याचे गोल-असिस्टचे गुण दुपटीच्या वर गेले. एनएचएलचे संघ दर वर्षी नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव कधी आलं नव्हतं.

२०२५ च्या उन्हाळ्यात तो माणूस भेटला. स्वतःला फॅमिली ॲडव्हायझर म्हणवायचा, पूर्वी एका एनएचएल संघासाठी स्काउटिंग, म्हणजे खेळाडू हेरण्याचं काम, केल्याचं सांगायचा. पहिलं बोलणं फुकट होतं, आणि ते फार अभ्यासपूर्ण होतं. मुलाचे कोणते गोल कोणत्या सामन्यात झाले हे त्याला पाठ होतं. मग त्याने भीती घातली, आणि ती भीती खोटी नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्ये कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएएने ठरवलं होतं की कॅनडाच्या मेजर ज्युनियर लीगमधली मुलंही ऑगस्ट २०२५ पासून डिव्हिजन वनमध्ये खेळू शकतील. त्याआधी त्यांना ती मुभा नव्हती. म्हणजे जागा तेवढ्याच आणि दावेदार एकदम वाढलेले. ‘आता हालचाल केली नाही तर तिसऱ्या लाइनवरची जागाही जाईल, आणि मग कुठला संघ त्याच्याकडे बघणार?’ असं तो म्हणाला. मुलगा त्या रात्री नीट जेवला नाही.

नऊशे डॉलरला त्याने एक अहवाल दिला. सुबक छापलेला, आलेख, तक्ते, आणि शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं: प्रोफेशनल होण्याची शक्यता ६८ टक्के. सोबत तीन नावं, आपला मुलगा ज्यांच्या वाटेने चालला आहे असे खेळाडू म्हणून. मार्टिन सेंट लुई, टोरी क्रुग, जो पावेल्स्की. पहिले दोघे उंचीने लहान, ड्राफ्टमध्ये कुणी न घेतलेले. पावेल्स्की २००३ साली सातव्या फेरीत, २०५ व्या क्रमांकावर निवडलेला. तिघेही कॉलेजातून आलेले, तिघेही एनएचएल गाजवलेले.

ही तिन्ही उदाहरणं खरी आहेत, आणि म्हणूनच ती धोक्याची आहेत. सेंट लुईला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही हे अहवालात होतं. व्हर्माँट विद्यापीठाकडून चार वर्षांत त्याने २६७ गुण मिळवले होते, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ दोन, आणि कॉलेज हॉकीतल्या सर्वोत्तम खेळाडूच्या होबी बेकर पुरस्कारासाठी तो तीनदा अंतिम यादीत होता, हे मात्र अहवालात नव्हतं. क्रुग २०१२ मध्ये मिशिगन स्टेटमधून बोस्टनकडे गेला तेव्हा तो त्याच्या कॉन्फरन्सचा, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचा, त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू होता. ही मुलं ड्राफ्टच्या दिवशी नजरेतून सुटली असतील, कॉलेजात मात्र ती त्यांच्या संघाची पहिली नावं होती. तिसऱ्या लाइनवरच्या मुलाच्या शेजारी त्यांना बसवणं म्हणजे त्या मुलाशी क्रूरपणे वागणं आहे. अजूनही त्या पानाची आठवण झाली की माझा संताप होतो.

भारतीय नावंही त्याने वापरली. एनएचएलला आता भारतीय वंशाचे चेहरे हवे आहेत, हे तो प्रत्येक फोनवर ऐकवायचा. जुझार खैरा मिशिगन टेकमध्ये एक वर्ष खेळला हे खरं, पण २०१२ च्या ड्राफ्टमध्ये तो तिसऱ्या फेरीत निवडला गेला होता. अर्शदीप बैंसला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही हेही खरं, पण व्हँकूव्हरने त्याला करार दिला त्या २०२१-२२ च्या मोसमात तो पश्चिम कॅनडाच्या अख्ख्या ज्युनियर लीगमध्ये गुणांत पहिला आला होता. चेहरा बघून कुणी करार दिलेला नाही.

अहवालानंतर महिन्याभरात खरी मागणी आली. एक खासगी सराव सत्र, निवडक वीस मुलं, समोर एनएचएल संघांचे स्काउट, आणि त्यातून एका संघाच्या उन्हाळी डेव्हलपमेंट कॅम्पचं, म्हणजे तरुण खेळाडूंच्या शिबिराचं, आमंत्रण. त्यासाठी ३,८०० डॉलर, बँकेतून थेट पाठवायचे. कार्ड चालणार नाही, कारण म्हणे कार्डाची फी परवडत नाही. पैसे गेले. तारीख एकदा पुढे गेली, मग पुन्हा गेली. कधी स्काउटचं विमान चुकलेलं असायचं, कधी रिंकचं बर्फ खराब झालेलं असायचं. शेवटी नवऱ्याने थेट रिंकवर फोन केला. त्या माणसाच्या नावाने तिथे बर्फाची वेळ कधीच घेतलेली नव्हती. ज्या दिवसाची तारीख आम्हाला दिली होती, त्या दिवशी संपूर्ण दुपार फिगर स्केटिंगच्या वर्गांना दिलेली होती.

त्याच आठवड्यात मुलाच्या संघातल्या एका डिफेन्समनच्या आईशी बोलणं झालं. तिच्याकडेही अहवाल होता. आम्ही दोघींनी पानं शेजारी ठेवून वाचली. स्केटिंगचा परिच्छेद शब्दशः एकच. ‘गोलसमोरच्या गर्दीत निर्भय’ हे वाक्यही एकच, आणि तिचा मुलगा तर बचावातला, गोलपासून दूर निळ्या रेषेवरून खेळणारा. टक्के फक्त वेगळे होते, तिला ७१ आले होते.

यानंतर मुलाने त्याच्या असिस्टंट कोचला सगळं सांगितलं. त्या कोचने आम्हा तिघांना बसवून दीड तास समजावलं, त्याबद्दल मी त्यांची आयुष्यभर ऋणी राहीन. एखाद्या कॉलेज खेळाडूची शक्यता कशी जोखतात, हे त्यांनी ज्या क्रमाने सांगितलं तसंच देते.

सर्वांत आधी वय. अठराव्या वर्षी मिळवलेले वीस गुण आणि बाविसाव्या वर्षी मिळवलेले वीस गुण स्काउटच्या वहीत वेगवेगळ्या पानांवर जातात. मॅकलिन सेलेब्रिनीने सतराव्या वर्षी बोस्टन युनिव्हर्सिटीकडून ३८ सामन्यांत ६४ गुण केले, होबी बेकर जिंकला आणि २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिला आला. त्याच पुरस्काराचा २०१३ चा मानकरी ड्रू लब्लँक, आमच्याच राज्यातल्या सेंट क्लाउड स्टेटचा. त्या वेळी तो तेवीस वर्षांचा होता, आणि एनएचएलमध्ये त्याच्या वाट्याला दोन सामने आले. देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरलेल्या माणसाची ही कथा आहे. हे ऐकल्यावर आमच्या ६८ टक्क्यांबद्दल विचारायचं काही उरलं नाही.

मग गुण कुठून आले ते बघायचं. पॉवर प्लेवर समोर एक खेळाडू कमी असतो, म्हणून तिथे गुण सोपे पडतात. पाच विरुद्ध पाच खेळताना किती गुण आले, समोर कोणती लाइन होती, आघाडी टिकवायची असते तेव्हा शेवटच्या दोन मिनिटांत कोच कुणाला बर्फावर पाठवतो, हे जास्त सांगतं. आमच्या मुलाची वाढ बरीचशी पॉवर प्लेवरची होती. कॉन्फरन्सही बघतात, कारण सगळीकडचे गोली आणि बचाव सारख्या ताकदीचे नसतात. आणि पायांचा वेग. कॉलेजात छोट्या जागेत चालून जाणारं स्केटिंग वरच्या पातळीवर उघडं पडतं.

जागांचं गणितही त्यांनी मांडलं. एनएचएलमध्ये ३२ संघ, प्रत्येकी २३ खेळाडू, आणि एका संघाला एका वेळी जास्तीत जास्त ५० करार करता येतात. दर वर्षी ड्राफ्टच्या सात फेऱ्यांत सव्वादोनशेच्या आसपास मुलं येतात, जगभरातून, आणि त्यांतलीही बरीच कधीच वर पोहोचत नाहीत. ड्राफ्ट न झालेल्या कॉलेज खेळाडूंना करार मिळतात, बहुधा मार्च-एप्रिलमध्ये त्यांचा मोसम संपल्यावर. पण तसा रस असलेला संघ आधी कॉलेजच्या कोचशी बोलतो. आमच्या मुलासाठी तोवर एकाही संघाचा फोन आलेला नव्हता. कोचनी हे त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, आणि पुढच्या दोन वर्षांत काय सुधारता येईल तेही सांगितलं. त्यांच्या मते त्याला ईसीएचएलसारख्या खालच्या व्यावसायिक लीगमध्ये संधी मिळू शकते. तिथला पगार आठवड्यावर आणि बेताचा असतो. अहवालातले ६८ टक्के कोणत्या लीगचे, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तुमच्याकडे असा कुणी आला तर या गोष्टी तपासा. एनएचएलचे करार करणाऱ्या एजंटांना खेळाडू संघटनेचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यांची यादी संघटनेच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. आमच्या माणसाचं नाव त्यात नव्हतं. ज्याला मुलात खरंच भविष्य दिसतं, तो पुढे मुलाच्या पगारातून मिळणाऱ्या कमिशनवर नजर ठेवून येतो, आज तुमच्याकडे हजारो डॉलर मागत नाही. डेव्हलपमेंट कॅम्पला संघ स्वतः बोलावतो, ती जागा मधल्या माणसाकडून विकत मिळत नाही. कोणत्याही कागदावर सही करण्याआधी कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला, म्हणजे खेळाडूंचे नियम सांभाळणाऱ्या कचेरीला, तो कागद दाखवा, कारण चुकीच्या करारामुळे मुलाचं कॉलेजातलं खेळणंच बंद होऊ शकतं. आणि ‘कोचला सांगू नका, त्याला तुमचा मुलगा स्वतःकडेच ठेवायचा आहे’ असं कुणी म्हणालं, तर तिथेच फोन ठेवा. आम्हाला हे वाक्य दोनदा ऐकवलं गेलं होतं.

आम्ही राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार केली आहे. त्या डिफेन्समनच्या आईनेही केली. अहवालाचे नऊशे डॉलर कार्ड कंपनीने वाद नोंदवल्यावर परत दिले. बँकेतून थेट गेलेले ३,८०० मिळालेले नाहीत, आणि बँकेने ते मिळण्याची शाश्वती दिलेली नाही. पावत्या, मेसेज आणि दोन्ही अहवालांच्या प्रती आम्ही जपून ठेवल्या आहेत. ज्यांना असाच अहवाल मिळाला असेल त्यांनी आपली पानं आमच्या पानांशी ताडून बघावीत आणि तक्रारीत आपलं नाव जोडावं.