महामार्गाच्या सफाईचा खर्च: श्रमदानावर करावा की बचत गटावर?

महामार्गाचा एखादा तुकडा दत्तक घेऊन स्वतःच्या खर्चाने स्वच्छ ठेवण्याचे ज्यांनी मनावर घेतले आहे, त्यांच्यापुढे बहुधा दोन मार्ग असतात. एक म्हणजे शाळा-महाविद्यालयातील मुलांना हातमोजे आणि नाश्ता देऊन वर्षातून तीन-चारदा श्रमदान घडवणे आणि दुसरा, गावातील महिला बचत गटाला दरमहा ठरलेली रक्कम देऊन वेचणी करून घेणे. तिवसा तालुक्यात, नागपूर–अमरावती रस्त्यालगत माझे कृषी केंद्र असल्याने मी दोन्ही करून पाहिले आहे. तिथे आपल्या नावाचा फलक लावायचा तर महामार्ग प्राधिकरणाची परवानगी दोन्हीकडे लागतेच, त्यामुळे तो मुद्दा सोडून देतो.

श्रमदानाची बाजू हलकी नाही. गाडगेबाबांचा जन्म ज्या जिल्ह्यातला आणि तुकडोजी महाराजांचा आश्रम असलेले गुरुकुंज मोझरी ज्या रस्त्यावर, तिथे लोकांना झाडू हाती घ्यायला फारसे समजवावे लागत नाही. खर्चही कमी येतो.

माझे मन फिरले ते पोत्यांमुळे. मुलांनी सकाळभर खर्र्याच्या पन्न्या, पाणी पाउच आणि थर्माकोलच्या पत्रावळी गोळा केल्या, भरलेली पोती कडेला रचली, फोटो काढले आणि सगळे घरी गेले. ग्रामपंचायतीची घंटागाडी गावठाणापलीकडे येत नव्हती, आणि ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी हद्द दुसऱ्याची असल्याचे सांगितले. चौथ्या दिवशी गुरांनी पोती फाडली, पुढे कोणीतरी ढीग पेटवून दिला आणि कडेचा कडुनिंब एका अंगाने करपला. अमेरिकेत टेक्सासमधील टायलर येथे 1985 मध्ये रस्ता दत्तक घेण्याची ही पद्धत सुरू झाली, तेव्हा स्वयंसेवकांनी भरलेल्या पिशव्या उचलून नेण्याचे काम रस्ते विभागाकडे होते. आपण फलक तेवढा उचलला, ती गाडी तिकडेच राहिली.

बचत गटाच्या कामालाही उणिवा आहेत. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया मिळत नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूक आहे असे मला वाटत नाही, कारण शेतातली मजुरी त्या दिवसांत अधिक मिळते. पावसाळ्यात गवत कमरेएवढे वाढते, तेव्हाचा कचरा दिवाळीनंतरच दिसतो. मात्र ट्रॅक्टर-ट्रॉलीचे भाडे करारातच धरलेले असल्याने पोती संध्याकाळपर्यंत हलतात.

ज्यांच्या घरी स्वतःची ट्रॉली आहे, त्यांना श्रमदान कदाचित पुरेसेही ठरेल. माझ्याकडे ती नाही, म्हणून यंदाचा करारही मी बचत गटाशीच केला आणि मुलांचा नाश्ता 2 ऑक्टोबरपुरता ठेवला. त्या दिवशीही ट्रॉली आधी सांगून ठेवतो.