५८ सीसीचा कटर, मोकळा केलेला सायलेन्सर आणि खेडचं एक गॅरेज

३ जून २०२० ला निसर्ग वादळाने दापोली तालुक्याला झोडपलं, तेव्हा आमच्या बागेतली अकरा हापूस कलमं आणि आजोबांनी लावलेला फणस आडवा झाला. चेनच्या कटरने झाडं कापून देणारे आठ-आठ दिवस मिळत नव्हते. पुढच्या वर्षी स्वतःचंच मशीन घेतलं, ५८ सीसी, २२ इंची बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी.

दोन वर्षं बरी गेली. मग जाड बुंध्यात मशीन बसायला लागलं. पूर्ण रेस दिली तरी चेन ओढेना. एका दुकानात दाखवलं, तर त्यांनी सायलेन्सरला ड्रिलने दोन मोठी भोकं पाडली आणि अर्ध्या तासात मशीन हातात दिलं. आवाज ऐकून वाटलं, ताकद दुप्पट झाली. तिसऱ्या दिवशी ऐनाची फांदी कापताना आवाज बारीक होत होत चढत गेला आणि मशीन बंद. दोरी ओढली तर जागची हलेना. पिस्टन जाम. सिलिंडर-पिस्टनचा सेट आणि मजुरी धरून अडीच हजार गेले, ऐन छाटणीच्या दिवसांत.

त्यानंतर खेडच्या या गॅरेजचं नाव कळलं. पत्र्याची शेड आहे, मेकॅनिक ग्रास कटर आणि फवारणी पंपांची कामं करतो, एकटाच असतो. मशीनला हात लावायच्या आधी त्याने जुना पिस्टन मागितला. उजेडात फिरवून मला दाखवला. ओरखडे सगळे एक्झॉस्टच्या बाजूला. "काका, ह्याला पेट्रोल कमी पडलंय."

त्याने समजावलं ते मला पहिल्यांदाच नीट कळलं. सायलेन्सर मोकळा केला की जळलेला धूर लवकर बाहेर पडतो, इंजिन जास्त हवा खेचतं. पण हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरचा स्क्रू जुन्याच जागी असेल तर त्या प्रमाणात पेट्रोल येत नाही. टू-स्ट्रोकमध्ये ऑइलही पेट्रोलमधूनच येतं, म्हणजे पेट्रोल घटलं की वंगणही घटतं. आणि नेमकं तेव्हाच मशीन सगळ्यात जोरदार वाजतं. फसतो तो माणूस इथेच.

दुसरी गोष्ट त्याने जुन्या सायलेन्सरमधली ठिणग्या अडवणारी जाळी काढून दाखवली. काजळीने जवळजवळ बुजलेली. मूळ दुखणं बहुधा तेच होतं. मी ऑइल अंदाजाने, जास्तच ओतत होतो, त्याची काजळी. या मशीनला २५:१, म्हणजे लिटर पेट्रोलला ४० मिली ऑइल. त्याने नवा सायलेन्सर बसवला आणि म्हणाला, "पंधरा दिवस असंच चालवा. भागलं तर भोक पाडूच नका." समोर आलेलं काम असं परत पाठवणारा मेकॅनिक मी तरी पाहिलेला नाही.

फरक पडला, पण २२ इंची बार पूर्ण बुडाला की ओढ कमीच पडायची. पुन्हा गेलो, तेव्हा त्याने सायलेन्सर मोकळा करायला घेतला. आधी सिलिंडरवरचं एक्झॉस्टचं तोंड कॅलिपरने मोजलं आणि बाहेरची वाट त्याच्या पाऊणपटीच्या आत ठेवली. सायलेन्सर खोलून बाजूला घेऊनच ड्रिल केलं, सिलिंडरच्या तोंडात फडकं कोंबून, म्हणजे कीस आत जाणार नाही. कडा कानसीने घासल्या. जाळी साफ करून परत बसवली. मी काढूनच टाका म्हटलं, तर ऐकेना. एप्रिलमध्ये सुकलेल्या गवतावर एक ठिणगी पडली की सगळा सडा, म्हणजे कातळाचं पठार, पेटेल, हे त्याचं म्हणणं मला पटलं.

खरं काम त्यापुढचं. ऐनाचा ओंडका शिकंजात आवळून तो कापत होता, थांबत होता, पेट्रोल वाढवायला कार्बोरेटरचा एच लिहिलेला स्क्रू उलटा केसभर फिरवत होता आणि पुन्हा कापत होता. मोकळ्या रेसमध्ये मशीन फडफडलं पाहिजे आणि लाकडाला लागताच आवाज साफ झाला पाहिजे. ती फडफड त्याने मला दोन-तीनदा ऐकवली, मी ओळखेपर्यंत. मग प्लग काढून बघितला, दुधाच्या चहाच्या रंगाचा. पांढरा दिसला तर पेट्रोल कमी पडतंय, तिथेच थांबायचं, असं बजावलं. सगळ्याला दीड तास लागला. मजुरी ९०० रुपये, गॅस्केट धरून.

आता जाड ओंडक्यात बार पूर्ण बुडाला तरी चेन चालत राहते, मशीनवर रेटा द्यावा लागत नाही. संध्याकाळी मनगटं भरून येत नाहीत, हे मला सगळ्यात मोलाचं. पण पेट्रोल जास्त लागतं आणि आवाज फार वाढला आहे. कानावर मफ घातल्याशिवाय मी गड्याला मशीन देत नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर हे करूच नका. गॅरेजबद्दल तक्रार एकच, सायलेन्सर यायला चार दिवस लागले आणि मधे फोन उचलला गेला नाही.

डिसेंबरात गारवा पडला की मशीन घेऊन या, असं त्याने सांगितलंय. थंड हवा दाट असते, पेट्रोल पुन्हा किंचित वाढवावं लागतं. येताना जुना प्लगही आणा म्हणाला. तो मी कागदात गुंडाळून ठेवलाय.