उन्हाळ्यापूर्वीची एसी सर्व्हिसिंग : म्हापशातील एका दुकानाच्या कामाचा लेखाजोखा

गोव्यात एसीची खरी कसोटी तापमानापेक्षा दमट हवा घेते. मार्च ते मे या महिन्यांत पणजीतील कमाल तापमान बहुतेक दिवस ३३ ते ३४ अंशांच्या आसपास असते. नागपूर-चंद्रपूरच्या मानाने हा आकडा सौम्य वाटेल, पण येथील हवेत बाष्प इतके असते की यंत्राची बरीच शक्ती हवा गार करण्याऐवजी तिच्यातील पाणी काढण्यातच खर्च होते. त्यात पश्चिमेकडून येणारा खारा वारा बाहेरच्या युनिटवर वर्षभर मिठाचा थर चढवीत असतो. त्यामुळे जाळ्या धुऊन, पुढचे झाकण पुसून आणि रिमोटवर १६ अंश लावून गार झोत दाखवला की सर्व्हिसिंग झाली, असे येथे मानता येत नाही. बाहेरच्या युनिटवर किती मेहनत घेतली, पाण्याचा निचरा तपासला की नाही आणि कारण नसताना गॅसला हात लावला का, या तीन गोष्टींवरून मी काम पारखते. या कसोटीवर म्हापशाच्या बाजारपेठेजवळील एक लहान दुरुस्तीचे दुकान मला उत्तम वाटले. पर्वरीतील आमच्या घरच्या दोन्ही एसींची यंदाची उन्हाळ्यापूर्वीची देखभाल त्यांनीच केली.

दोन्ही यंत्रे दीड टनांची आणि स्प्लिट प्रकारची आहेत. शयनगृहातील यंत्र इन्व्हर्टर प्रकारचे, म्हणजे गरजेनुसार वेग बदलणारे असून त्यात थंडावा निर्माण करणारा आर-३२ वायू आहे. दिवाणखान्यातील यंत्र जुने, एकाच वेगाने चालणारे आहे. कारागिरांनी प्रथम दोन्ही यंत्रे पंधरा-वीस मिनिटे चालवून पाहिली. आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान आणि क्लॅम्प मीटरवर दिसणारा विजेचा प्रवाह हे आकडे त्यांनी एका कागदावर टिपून ठेवले. धुण्याआधीची ही नोंद मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती नसेल तर नंतर झालेली सुधारणा केवळ तोंडी सांगण्यावर राहते. साधारणपणे या दोन तापमानांत ८ ते १२ अंशांचा फरक अपेक्षित असतो. मात्र दमट दिवशी तो थोडा कमी भरला तरी यंत्र बिघडले असे होत नाही, हेही त्यांनी आपण होऊन सांगितले.

दिवाणखान्यातील यंत्राच्या आतल्या कॉइलवर, म्हणजे वायू खेळवणाऱ्या नळ्यांच्या जाळ्यावर, बर्फ धरत होता. गेल्या वर्षी दुसऱ्या एका सेवेच्या माणसाने हेच लक्षण पाहून ताबडतोब गॅस भरण्याचा सल्ला दिला होता आणि त्याचे पैसेही घेतले होते. या वेळी आलेल्या ज्येष्ठ कारागिराने आधी जाळी आणि ब्लोअर (आतला पंखा) पाहिले आणि म्हणाला, "वहिनी, गॅस आत्ताच भरायला नको. हवाच जात नाही, म्हणून बर्फ धरतो. धुऊन बघू, मग ठरवू." त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. कॉइलवरून पुरेशी हवा वाहिली नाही, तर कॉइल शून्याखाली जाते आणि हवेतील बाष्प तिच्यावरच गोठते. गॅस कमी पडल्यावरही नेमके असेच दिसते. तेव्हा नुसता बर्फ पाहून गॅसचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. शिवाय एसीतील वायू बंद नळ्यांतून फिरत राहतो, तो वापराने संपत नाही. तो खरोखर कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे. ती न शोधता भरलेला वायू पुन्हा निघून जाणार आणि ग्राहक दर उन्हाळ्यात पैसे मोजत राहणार. आर-३२ चा तापमानवाढीवरील परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ६७५ पट मानला जातो, एसीत वापरल्या जाणाऱ्या आर-४१०ए या दुसऱ्या वायूचा तर २,००० पटींहून अधिक. म्हणजे अशी गळती केवळ आपल्या खिशापुरती राहत नाही. धुतल्यानंतर बर्फ धरणे थांबले. तरीही त्यांनी बाहेरच्या युनिटवरील जोडनटांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहिले. आले नाहीत, आणि गॅसचा विषय तेथेच संपला.

बाहेरच्या युनिटवरील कामाबद्दल सविस्तर लिहायला हवे. खोली थंड होते ती आतली उष्णता बाहेर टाकली जाते म्हणून, आणि ती टाकण्याचे काम या युनिटच्या कॉइलकडे असते. तिच्यातील नळ्या तांब्याच्या आणि पट्ट्या ॲल्युमिनियमच्या असतात. या दोन धातूंच्या सांध्यावर खारट ओलावा साचला की ॲल्युमिनियम आधी झिजते, पांढरी भुकटी दिसू लागते आणि पुढे पट्ट्यांचा नळ्यांशी असलेला स्पर्शच सुटतो. समुद्राकाठच्या कळंगुट-कांदोळीसारख्या गावांत हे लवकर घडते. पर्वरीच्या पठारावरही खारा वारा पोहोचतो आणि सोबत लाल मातीची धूळ असते. अनेक सेवा हे युनिट बाहेरूनच पाण्याने भिजवून मोकळ्या होतात. पंखा हवा बाहेरून आत ओढत असल्यामुळे धूळ पट्ट्यांच्या बाहेरच्या बाजूला अडकते आणि बाहेरून मारलेला जोरदार फवारा ती आणखी आत रेटतो. या कारागिरांनी वीज बंद केली, वरचे झाकण काढले, इलेक्ट्रॉनिक सर्किट प्लास्टिकने झाकले आणि जेट पंपाचा दाब कमी ठेवून आतून बाहेर पाणी मारले. तांबूस गढूळ पाणी बराच वेळ वाहत राहिले. आम्लयुक्त रसायन त्यांनी वापरले नाही. अशा रसायनाने कॉइल तात्काळ चकाकते हे खरे, पण पट्ट्यांवरील संरक्षक लेप आणि स्वतः ॲल्युमिनियमही त्याने खाल्ले जाते. दबलेल्या पट्ट्या त्यांनी फिन कंगव्याने सरळ केल्या. छज्ज्यावरील लोखंडी ब्रॅकेटचे बोल्ट गंजले होते, तेही दाखवले आणि स्टेनलेस स्टीलचे बोल्ट बसवण्यास सुचवले. इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील जड युनिट ज्या बोल्टांवर उभे आहे ते पाहण्याची तसदी घेणारा माणूस क्वचितच भेटतो, म्हणून या एका गोष्टीसाठी मी त्यांना पूर्ण गुण देते.

निचऱ्याची तपासणीही मनापासून झाली. गोव्याच्या हवेत एसी दिवसभर पाणी काढत असतो, त्यामुळे ट्रेमध्ये बुळबुळीत थर लवकर साचतो आणि पाणी भिंतीवरून उतरू लागते. त्यांनी ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडते का ते पाहिले. शयनगृहाच्या पाइपच्या टोकाशी कुंभारमाशीने मातीचे घर केले होते. ते काढून टोकाला बारीक जाळी बसवली. या जाळीचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

शेवटी पुन्हा तेच आकडे मोजले गेले. जुन्या यंत्राचा तापमानातील फरक ६ अंशांवरून १० वर गेला आणि वीजप्रवाहही थोडा उतरला. इन्व्हर्टरच्या यंत्रात आधीपासूनच फरक चांगला होता, तेथे मोठा बदल दिसला नाही आणि तसे त्यांनी स्पष्ट सांगितलेही. २४ अंशांवर यंत्र ठेवून पंखा चालू ठेवा, असा सल्लाही दिला. १ जानेवारी २०२० पासून भारतात स्टार लेबलच्या खोलीतील एसींना २४ अंश हेच मूळ तापमान, म्हणजे कारखान्यातूनच लावून येणारे तापमान, ठरवून दिले आहे, आणि केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या म्हणण्यानुसार प्रत्येक अंश वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. येथे मात्र मी एक पुस्ती जोडेन : फार दमट रात्री रिमोटवरील ड्राय मोड, म्हणजे मुख्यतः हवेतील ओलावा काढणारी सोय, अधिक सुखकर ठरतो, आणि गोव्यातील घरांत तो जितका वापरायला हवा तितका वापरला जात नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. कारागीर ठरलेल्या वेळेपेक्षा बरेच उशिरा आले आणि तसा निरोपही आला नाही. धुताना भिंतीला लावायची प्लास्टिकची पिशवी जुनी होती. ती एका बाजूने गळली आणि पलंगाची कड भिजली. ब्लोअर पूर्ण सोडवून धुण्याचे पैसे वेगळे आहेत, हे आधी सांगितले गेले नाही. ते काम जुन्या यंत्राला आवश्यक होते आणि रक्कमही वाजवी होती, परंतु दर आधीच सांगायला हवा होता. मोजमापांचा कागद मागितल्यावरच मिळाला; पावतीवर ते आकडे छापील रकान्यात आले तर पुढच्या वर्षी तुलना करणे सोपे जाईल. हे मी मालकांनाही सांगितले आणि त्यांनी ते ऐकून घेतले.

प्रत्येक यंत्रामागे ७०० रुपये आणि जुन्या यंत्राच्या ब्लोअरचे ५०० रुपये जास्त, असा खर्च आला. यंत्र वॉरंटीत असेल तर बाहेरच्या माणसाला हात लावू देण्यापूर्वी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात, कारण कॉम्प्रेसरवरील दीर्घ वॉरंटी अनेकदा अधिकृत सेवेवर अवलंबून असते. दुकान रविवारी बंद असते. शिगम्याच्या दिवसांत कारागीर गावी जातात आणि त्यानंतर मागणी एकदम वाढते, म्हणून फेब्रुवारीच्या उत्तरार्धातच वेळ ठरवून घ्यावी. समुद्राच्या अगदी जवळ राहणाऱ्यांनी पावसाळा संपल्यावर बाहेरचे युनिट आणखी एकदा गोड्या पाण्याने धुऊन घ्यावे. केवळ एवढ्या कामासाठी दुकान निम्मे पैसे घेते.