क्लाउन प्लेकोच्या नावाखाली सकर मासे: माझे ७,८५० रुपये कसे गेले

काचेच्या टाकीत पाळायच्या सहा क्लाउन प्लेको माशांचे प्रत्येकी ९५० रुपयांप्रमाणे ५,७००, पॅकिंग आणि बस पार्सलचे ६५०, शिवाय ‘मासे सुखरूप पोहोचले की परत मिळणारी’ अनामत १,५००, असे एकूण ७,८५० रुपये माझ्याकडून घेण्यात आले. त्या बदल्यात थर्माकोलच्या खोक्यातून निघाले ते गल्लीतल्या दुकानातही चाळीस-पन्नास रुपयांना मिळणारे साधे सकर मासे.

मी या छंदात नवखा नाही. माझी टाकी तीन फुटी आहे आणि तीत काय मावेल याचा विचार करूनच मी क्लाउन प्लेको निवडला होता. मूळचा व्हेनेझुएलाकडचा हा मासा आठ-नऊ सेंटिमीटरच्या फारसा पुढे जात नाही, ड्रिफ्टवुड म्हणजे टाकीत ठेवलेले लाकूड कुरतडत राहतो आणि कोणाला त्रास देत नाही. सकर मासा मात्र विकताना बोटाएवढा असतो आणि पुढे फुटापेक्षा मोठा होतो, हे दुकानदार गिऱ्हाइकाला कधीच सांगत नाहीत. कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारातही ‘प्लेको’ मागितला की बहुधा सकरचीच पिशवी हातात येते, म्हणून ऑनलाइन विक्रेता शोधावा लागला. हा मनुष्य लाकूड कोणते ठेवावे, काकडी किती वेळ टाकावी, याची उत्तरे अचूक देत होता. मासे चेन्नईच्या कोळत्तूरमधून येतात असे त्याने सांगितले. शोभेच्या माशांच्या पैदाशीसाठी तो भाग प्रसिद्धच असल्याने त्यावर अविश्वास दाखवण्याचे काही कारण नव्हते. माशांच्या टाकीजवळ माझ्या नावाची चिठ्ठी धरून चित्रफीत पाठवा, असेही मी सांगितले होते. चिठ्ठी आली, पण ती स्थिर छायाचित्रात. चित्रफितीत फक्त मासे होते. हलते मासे आणि चिठ्ठी एकाच वेळी दिसत नसतील, तर पैसे पाठवू नयेत.

परंतु मला आजही जाळतो तो क्षण वेगळा आहे. अनामत भरताना यूपीआयच्या पडद्यावर भलतेच नाव आले. आधीचे दोन्ही हप्ते ज्या नावावर गेले होते, ते हे नव्हते. मी विचारले, तेव्हा ‘भावाचे खाते आहे, माझ्या खात्याची आजची मर्यादा संपली’ असे उत्तर तत्काळ आले. ते नाव माझ्या डोळ्यांसमोर ठळक अक्षरांत होते, बोट पिन टाकायला थांबलेही होते. पण ६,३५० रुपये अडकलेले असताना आणि ‘पार्सल बसवर चढवायला माणूस निघाला आहे’ असे संदेश एकामागून एक येत असताना कोणीही १,५०० रुपयांसाठी सगळा व्यवहार मोडला नसता.

पिशवी उघडताच एका माशाने पाठीवरचा पर उभारला आणि तो शिडासारखा फुलला. क्लाउन प्लेकोच्या या परात पुढच्या काट्यामागे सात किरणे, म्हणजे पराला आधार देणाऱ्या बारीक काड्या, असतात, सकरच्या परात साधारणपणे दहा किंवा अधिक. मी छायाचित्र काढून मोजली, ती बारा भरली. अंगावर पिवळसर पट्ट्यांऐवजी नुसते तपकिरी डाग होते. विक्रेता म्हणाला, ‘प्रवासाच्या ताणाने रंग उतरतो, पंधरा दिवस थांबा.’ ताणाने प्लेको फिके पडतात हे खरेच असल्याने मी थांबलो. किरणे मात्र ताणाने वाढत नाहीत. तक्रारीची त्याचीच मुदत चोवीस तासांची होती. पंधरा दिवसांनी त्याने तीच मुदत दाखवली आणि मला ब्लॉक केले.

यानंतर जे झाले त्याचा संताप मूळ फसवणुकीपेक्षा कमी नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली गेली. बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकला, त्यामुळे हा अनधिकृत व्यवहार ठरत नाही. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, ‘मासे मेले का?’ नाही म्हटल्यावर, ‘मग फसवणूक कसली? माल तर मिळाला.’ दोन जातींची छायाचित्रे शेजारी-शेजारी ठेवून दाखवली, तर ‘दोन्ही काळेच दिसतात’ असा शेरा मिळाला. शेवटी खाते परराज्यातले आहे, तिकडे जाऊन तक्रार द्या, असा सल्ला देण्यात आला. गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र असेल तर माहिती कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते, आणि अशा फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३१८(४) आहे. हे मी छापून नेले होते. कागद न वाचता परत करण्यात आला. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही, हे ऐकायला छान वाटते, परंतु नोटीस पाठवायला विक्रेत्याचा पत्ता लागतो, आणि माझ्याजवळ होता तो बंद पडलेला मोबाइल क्रमांक! तो क्रमांक कोणाचा हे शोधणे ज्यांचे काम, त्यांनीच पत्ता मला आणायला सांगितला. खरेदीआधी पत्ता आणि पावती मागा. न देणाऱ्याशी बोलणेही नको.

मासे झपाट्याने वाढत आहेत आणि दुकानदार ते फुकटही घेत नाहीत. ते तळ्यात किंवा नदीत सोडण्याचा सल्ला देणारे भेटतात. तो कृपया ऐकू नका, कारण पूर्व कोलकात्याच्या पाणथळींत सोडलेले हेच सकर आज तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत शिरत आहेत.

विक्रेता आता वेगळ्या नावाने त्याच छायाचित्रांवर ‘एल-१०४’ (क्लाउन प्लेकोचाच छंदातला सांकेतिक क्रमांक) विकत आहे आणि भाव ८५० रुपयांवर आणला आहे. छायाचित्रात दुबेळक्याचे ड्रिफ्टवुड आहे, त्याच्या डाव्या फांदीला पांढरा सक्शन कप अडकलेला आहे आणि मागे निळा कागद चिकटवलेला आहे. हे छायाचित्र कोणी पाठवले, तर थेट व्हिडिओ कॉल मागून तो कप दाखवायला सांगा.