चक्कर मोजून आणणारं सेंटर

मला रॅकला धरून दुकानात चालताना आमच्या बहुतेक गिऱ्हाइकांनी पाहिलंय. आता नीट चालताना पाहून सगळे एकच विचारतात, “शेठ, औषध कोणाचं?” औषध कोणाचंच नाही. नाशिकच्या गंगापूर रोडवर एक न्यूरो फिजिओथेरपी (मेंदू आणि नसांच्या त्रासावरचे व्यायाम) सेंटर आहे, तिथे जाऊन व्यायाम केले. नाशिक, सिन्नर, निफाडकडे चक्कर आणि तोलाच्या त्रासाने बेजार झालेले बरेच लोक आहेत आणि त्यातले निम्मे चुकीच्या दारात उभे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मला झालं होतं ते व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस, म्हणजे कानाच्या आतून तोलाची खबर मेंदूला देणारी नस सुजते. सुरुवातीला दोन-तीन दिवस खोली गरागरा फिरते, पाणीसुद्धा पोटात टिकत नाही. ते दिवस हॉस्पिटलात गेले. गरगर ओसरली, डॉक्टरांनी घरी सोडलं आणि खरा त्रास तिथून सुरू झाला. मान वळवली की नजर मागे राहायची. किराणा दुकानात मान वळवल्याशिवाय एक क्षण जात नाही. गिऱ्हाईक समोर, काटा डावीकडे, माल पाठीमागे. साबणाच्या वड्या आणि बिस्किटांचे पुडे नुसते सरकत राहायचे, आणि संध्याकाळच्या गर्दीत तर मी गल्ल्यावरून उठायचंच टाळायला लागलो.

आपल्याकडे चक्कर म्हटलं की लोकांच्या तोंडी पहिलं नाव ‘स्पाँडिलायटिस’, म्हणजे मानेचे मणके झिजणं. मलाही एका ठिकाणी मानेला कॉलर, ट्रॅक्शन (वजन लावून ताण) आणि शेक मिळाला, वर गोळ्या दीर्घकाळ चालू ठेवायला सांगितल्या. कॉलर लावली की मान हलत नाही, मान हलली नाही की चक्कर येत नाही, म्हणून माणसाला वाटतं गुण आला. कॉलर काढली की पुन्हा तेच. ज्या डॉक्टरांनी हे दिलं त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण माझे महिने त्यात गेले याचा मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. शेवटी एका ईएनटी डॉक्टरांनी कान तपासून चिठ्ठी दिली आणि या सेंटरला पाठवलं.

इथे पहिल्या भेटीत तासभर नुसती तपासणी झाली. तिथल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं. “काका, माझ्या नाकावरून नजर हलू द्यायची नाही,” म्हणाल्या आणि अवचित डोकं थोडंसंच, पण झटक्यात वळवलं. डावीकडे वळवलं तेव्हा नजर नाकावर पक्की राहिली. उजवीकडे वळवलं तेव्हा डोळे डोक्याबरोबर वाहत गेले आणि मग टुणकन परत नाकावर आले. मुलाने मोबाईलवर व्हिडिओ काढला होता, त्यात ती उडी स्पष्ट दिसते. उजवा कान कमी काम करतोय हे तेवढ्यावरून कळलं. ही तपासणी १९८८ साली सिडनीतल्या दोन संशोधकांनी मांडली. तिला यंत्र लागत नाही, पण करणाऱ्याचा हात आणि नजर तयार लागते.

मग बाकावर बसवून, मान वळवून एकदम मागे आडवं केलं. कानातले खडे सरकलेत का हे पाहायला. हे खडे म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण. आपली जागा सोडून ते अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की कूस बदलताना, वर बघताना काही सेकंद जोरात गरगरतं. माझे खडे जागेवर निघाले. ज्यांचे सरकलेले असतात त्यांचं काम बहुतेक वेळा फारच लवकर होतं: डोकं ठरावीक क्रमाने फिरवून खडे पुन्हा त्या नळीबाहेर काढतात. अमेरिकेतल्या जॉन एपली नावाच्या डॉक्टरांची ही रीत १९९२ साली प्रसिद्ध झाली. माझ्या चुलत बहिणीला हाच खड्यांचा त्रास होता आणि तो दोन भेटींत गेला. तेव्हा अंथरुणात वळताना चक्कर येणाऱ्यांनी महिनोन् महिने गोळ्या खाण्याआधी ही एक तपासणी मागून घ्यावी.

शेवटी तोल. जाड फोमच्या गादीवर पाय जुळवून, हात छातीवर बांधून, डोळे मिटून ३० सेकंद उभं राहायचं होतं. मी ४ सेकंदांत उजवीकडे कललो. कमरेला कापडी पट्टा बांधलेला होता आणि तो मॅडमच्या मुठीत होता, त्यामुळे जमिनीवर आलो नाही. नंतर व्हरांड्यात चालवलं: चालता चालता डावी-उजवीकडे बघा, वर-खाली बघा, वेग वाढवा, एकदम वळून थांबा, खोका ओलांडा. या चालण्याला २४ पैकी गुण देतात. १९ किंवा त्याखाली असला की पडण्याचा धोका जास्त समजतात. मला १५ मिळाले. आकडा कागदावर आला, त्यावर तारीख पडली, आणि पुढे दर दोन आठवड्यांनी तोच कागद काढून नवा आकडा शेजारी लिहिला गेला. या सेंटरमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. “आता बरं वाटतंय ना?” एवढ्यावर इथे कोणी थांबत नाही.

उपचार कळायला सोपा आहे, करायला जड. एक कान कमी खबर देतो, दुसरा पूर्ण देतो. त्या फरकाचा अर्थ मेंदू ‘आपण फिरतोय’ असा लावतो. काट्याचं पारडं वाकलं की शून्य पुन्हा लावून घ्यावं लागतं, तसं मेंदूला नवं शून्य लावावं लागतं. ते लागतं चूक पुन्हा पुन्हा घडली तरच. म्हणून थोडी चक्कर मुद्दाम आणायची. हाताच्या अंतरावर एक कार्ड धरायचं, त्यावर ‘ग’ लिहिलेला. नजर ‘ग’वर, आणि डोकं ‘नाही’ म्हणतो तसं डावी-उजवीकडे हलवत राहायचं, मिनिटभर. “अक्षर पळतंय का, काका? पळायच्या जरा अलीकडे वेग ठेवा.” हे वाक्य माझ्या कानात अजून आहे. आधी बसून, मग उभं राहून, मग फोमवर, मग चालत.

चक्करला ० ते १० गुण मीच द्यायचे. व्यायामाने दोन-तीन गुणांनी वाढली आणि पंधरा-वीस मिनिटांत बसली, तर मात्रा बरोबर. दुपारपर्यंत रेंगाळली तर जास्त झालं. काहीच वाढली नाही तर कमी पडलं. जुन्या त्रासाला घरी दिवसातून ३ ते ५ वेळा मिळून निदान २० मिनिटं आणि हे ४ ते ६ आठवडे, असं अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि मलाही तसंच बांधून दिलं होतं. डोकं स्थिर ठेवून नुसते डोळे फिरवण्याचे व्यायाम या त्रासात त्याऐवजी देऊ नयेत, हेही त्याच सूचनांमध्ये आहे. मोबाईलवर चक्करीच्या नावाने नेमके तेच व्हिडिओ सगळ्यात जास्त फिरतात.

गोळ्यांचंही इथेच कळलं. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या पहिल्या काही दिवसांत लागतात, पण पुढे त्या चालूच राहिल्या तर मेंदूचं शिकणं मागे पडतं. मॅडमनी परस्पर गोळ्या बंद केल्या नाहीत. माझ्यासमोर ईएनटी डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांनी त्या कमी करत आणल्या. अशी रीत पाळणारी माणसं मला फार भावतात.

मग आलं दुकान. मॅडमनी दुकानाचा व्हिडिओ मागवला, गल्ल्यावर उभं राहून काढलेला. तो बघून व्यायाम बदलले. कार्ड कोऱ्या भिंतीवर न लावता साबणाच्या रॅकसमोर लावायचं, कारण नक्षीदार, गजबजलेल्या पार्श्वभूमीवर नजर जास्त ढळते. वरच्या फळीवरचा डबा काढा, वळा, काउंटरवर ठेवा, समोरच्याच्या डोळ्यांत बघून किंमत सांगा, परत वळा. सेंटरमध्ये त्यांनी टेबल आणि कपाट तसं मांडून माझ्याकडून हे घोटून घेतलं आणि त्यांच्याकडे शिकायला आलेली एक मुलगी गिऱ्हाईक होऊन मध्येच दुसऱ्या बाजूने “काका, अर्धा किलो शेंगदाणे” ओरडायची. नाशिकच्या रविवार कारंजा चौकातल्या गर्दीतून चालून येणं हा शेवटच्या टप्प्यातला गृहपाठ होता.

माझ्या वेळेला एक आजी यायच्या, पार्किन्सन्सच्या. सपाट जागेवर बऱ्या चालायच्या, पण दाराच्या चौकटीत पाय जमिनीला चिकटल्यासारखे जागीच खिळायचे. मुलगा बिचारा हात धरून ओढायचा, त्याने त्या पुढे झुकायच्या आणि तोल आणखी जायचा. मॅडमनी त्याला आधी हात सोडायला सांगितलं. थांबा, आजी. ताठ व्हा. वजन आधी या पायावर, मग त्या पायावर. आता मोठं पाऊल. फरशीवर पावलाच्या अंतराने पिवळ्या चिकटपट्ट्या लावल्या होत्या, त्या ओलांडायच्या. पट्टी दिसली की पाय उचलला जायचा. आजारामुळे आतून येणारी चालण्याची लय मंदावते, पण बाहेरून खूण किंवा ताल मिळाला की मेंदू दुसऱ्या वाटेने पाऊल टाकून घेतो. त्या मुलाने घरी जाऊन देवघराच्या आणि न्हाणीच्या उंबऱ्यापाशी तशाच पट्ट्या लावल्या. हे मी शेजारी फोमवर उभा राहून पाहिलंय.

सेंटरमध्ये छताला दोर बांधून माणसाला उचलून धरणारी ट्रेडमिलही आहे. पक्षाघाताच्या रुग्णांचे नातेवाईक आल्या आल्या तिच्याबद्दल विचारतात. मॅडम त्यांना सरळ सांगतात की अमेरिकेत ४०८ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, २०११ साली छापून आला. दोराच्या ट्रेडमिलवरचे आणि घरी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली ताकदीचे, तोलाचे व्यायाम करणारे, दोघांची चाल वर्षभरात सारखीच सुधारली. स्वतःकडे महागडं मशीन असताना हे सांगायला सचोटी लागते.

आता उणिवा. सेंटर पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. ज्यांचा तोल गेलाय अशांनाच तुम्ही बोलावता, आणि जिन्याला कठडा एकाच बाजूला! मी दोनदा सांगितलं, अजून दुसरा कठडा लागलेला नाही. दुसरं, घरच्या व्यायामाचा कागद इंग्रजीत मिळतो. निफाडहून येणाऱ्या एका मावशी तो नातवाकडून वाचून घेत होत्या आणि ‘दिवसातून तीनदा’च्या जागी ‘तीन दिवसांतून एकदा’ करत होत्या. मोठ्या अक्षरांत मराठी कागद आणि चित्रं, एवढं तातडीने व्हायला हवं. संध्याकाळच्या वेळेला गर्दी असते, अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं.

पहिली तपासणी १,२०० रुपये, नंतर प्रत्येक भेट ७०० रुपये. माझ्या मेडिक्लेममध्ये हा खर्च बसला नाही. ‘इतक्या सिटिंगचं पॅकेज घ्या’ असं कोणी म्हणालं नाही. भेट आठवड्यातून एकदाच, बाकी सगळं घरी, त्यामुळे घरी न करणाऱ्याने पैसे घालवू नयेत. मॅडम न्यूरो विषयातल्या एमपीटीएच (फिजिओथेरपीची पदव्युत्तर पदवी) आहेत आणि राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेचं नोंदणीपत्र दारातच लावलेलं आहे. कुठेही गेलात तरी हे दोन्ही बघा.

एक मात्र नीट लक्षात घ्या. चक्कर एकाएकी आली आणि सोबत बोलणं अडखळतंय, एकाचे दोन दिसतायत, तोंड वाकडं झालंय, हातपाय लुळे पडतायत किंवा अजिबात उभंच राहता येत नाही, तर फिजिओथेरपीचा विचारसुद्धा करू नका. तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. सरळ मोठं हॉस्पिटल गाठा.

माझे गुण १५ वरून २२ वर आले, फोमवर ३० सेकंद पूर्ण झाले, आणि त्या दिवशी मॅडमनी पुढची तारीख दिलीच नाही. घरचे व्यायाम कमी करून दिले आणि त्रास परत उलटला तरच या म्हणाल्या. सेंटर सकाळी ९ ते १ आणि दुपारी ४ ते ७ उघडं असतं, रविवारी बंद. पहिल्या भेटीला भरपेट जेवून जाऊ नका, तपासणीत मळमळतं. सोबत कोणालातरी घ्या आणि येताना गाडी त्यांनाच चालवू द्या.