जांभळी बार्बेरी की फायसोकार्पस?

ब्रिटनमधल्या घरापुढच्या छोट्या बागेत गडद जांभळ्या पानांचं झुडूप लावायचं ठरलं, की नर्सरीत फिरून फिरून मन बहुधा दोन कुंड्यांपाशी अडतं. एकीत ‘रोझ ग्लो’ जातीची बार्बेरी, दुसरीत फायसोकार्पस, म्हणजे अमेरिकेतला नाइनबार्क. थंडीला दोन्ही पुरून उरतात, दोन्हींची पानं हिवाळ्यात गळतात, फुलं आली की मधमाश्या दोन्हींवर येतात. तिथे निवडण्यासारखं काही नाही.

अमेरिकेतल्या वाचकांनी मात्र आधी आपल्या राज्याचा नियम बघावा. ही बार्बेरी मूळची जपानची. तिची लाल फळं पक्षी खातात, बिया रानात पडतात आणि झाडांखाली करवंदीसारखी दाट जाळी माजते. त्या जाळीतल्या ओलाव्यात लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडी पोसल्या जातात. न्यूयॉर्क, मेन, पेनसिल्व्हेनिया अशा राज्यांनी तिच्या विक्रीवर बंदी घातली आहे, काही ठिकाणी फक्त वांझ जातींना सूट आहे. फायसोकार्पस तिथे घरचाच, पूर्व अमेरिकेतला. इथे ब्रिटनमध्ये अशी आडकाठी नाही, म्हणून तर ठरवणं अवघड.

रंगात बार्बेरी सरस, हे आधीच कबूल करतो. ‘रोझ ग्लो’च्या नव्या फांदीवर सुरुवातीची पानं साधी जांभळी येतात, नंतरच्या पानांवर गुलाबी-पांढुरके शिंतोडे उमटतात. एप्रिलमध्ये रोप बघून “चुकीची जात दिली” म्हणत परत करू नका, जून-जुलैपर्यंत थांबा. कुंपणाच्या कात्रीने उन्हाळाभर वरवर भादरत राहिलात, तर नेमके ते शिंतोड्यांचे शेंडेच कापले जातात आणि झुडूप साधं जांभळं दिसत राहतं. एखादी फांदी निव्वळ हिरवी फुटली तर ती बुंध्यापासून काढावी, नाहीतर तीच जोर धरते. दोन्ही झुडपांना रंगासाठी दिवसाचं पाच-सहा तास ऊन हवं. सावलीत दोन्ही मळकट हिरवी पडतात. पिवळ्या पानांच्या ‘ऑरिया’ बार्बेरीचं याच्या उलट आहे. दुपारच्या उन्हात तिची पानं कडेने करपतात, तिला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मानवते. शरद ऋतूत बार्बेरी शेंदरी-लाल पेटते. त्यापुढे फायसोकार्पसचा तांबूसपणा फिका वाटतो, पण जूनमधले त्याचे पांढऱ्या फुलांचे गुच्छ आणि हिवाळ्यात पापुद्रे सुटणारी साल थोडी भरपाई करतात.

जमिनीच्या बाबतीतही बार्बेरीच कमी कटकटीची. पाणी साचत नसेल तर चिकण, चुनखडी, मुरमाड, तिला सगळं चालतं आणि एकदा मूळ धरलं की कोरड्या उन्हाळ्यातही ती तग धरते. फायसोकार्पसला मुळाशी ओल लागते. खडूच्या उथळ जमिनीत त्याची पानं शिरांमध्ये पिवळी पडतात. लंडनच्या आसपासची चिकण माती आपल्या काळ्या जमिनीसारखीच उन्हाळ्यात भेगाळते. अशा ठिकाणी दोन्हींसाठी खड्डा कुंडीइतकाच खोल पण तिप्पट रुंद घ्यावा. मातीच्या गोळ्याचा वरचा काठ जमिनीच्या पातळीला ठेवावा, वर पाच ते सात सेंटिमीटर कुजलेल्या पाल्याचं आच्छादन घालावं आणि ते खोडापासून चार बोटं दूर ठेवावं. पहिल्या उन्हाळ्यात पाऊस नसेल तर प्रत्येक रोपाला आठवड्यातून एकदा दहा लिटरची झारी भरून पाणी. रोज शिंपडलेलं तांब्याभर पाणी मुळांना वरच अडकवून ठेवतं.

रोगकिडीत सामना बरोबरीचा म्हणावा लागेल. फायसोकार्पसवर भुरी येते, नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला वेगळं सांगायला नको. मुळाशी कोरड आणि फांद्यांची गर्दी असली की कोवळे शेंडे पांढरे होऊन वळतात. शेंडा दिसताच कापून टाकावा, नत्राचं खत बंद करावं, मधल्या दोन-तीन जुन्या फांद्या काढून वारा खेळता करावा. ‘डायाब्लो’ या जुन्या जातीवर भुरी जास्त, ‘लिटल डेव्हिल’वर कमी. बार्बेरीवर सॉफ्लाय या माशीसारख्या किड्याच्या अळ्या येतात. पांढुरक्या अंगावर काळे-पिवळे ठिपके असलेल्या या अळ्या पाहता पाहता अख्खी फांदी निष्पर्ण करतात. ही कीड २००२ पासून ब्रिटनमध्ये स्थिरावली आहे आणि उन्हाळ्यात तिच्या दोन-तीन पिढ्या होतात. झुडूप सहसा मरत नाही, पुन्हा पालवतं. उपाय सोपा, अळ्या हाताने वेचायच्या. आता तो हात बार्बेरीत घालून बघा.

माझ्यापुरता निकाल तिथेच लागतो. काटे असतात हे सगळ्यांना माहीत असतं आणि छाटताना जाड हातमोजे घातले की भागतं, असंही वाटतं. छाटणीच्या दिवशी ते खरंच भागतं. त्रास सुरू होतो त्यानंतर. बार्बेरीच्या फांदीवर प्रत्येक पेराशी साधारण सेंटिमीटरभर लांबीचा, सुईसारखा बारीक काटा असतो. छाटलेल्या फांद्या कितीही काळजीने गोळा केल्या तरी बोटभर लांबीचे तुकडे खाली निसटतात. ते वाळून मातीच्या रंगाचे होतात, पालापाचोळ्यात मिसळतात आणि लवकर कुजत नाहीत. पुढे दोन-दोन वर्षं, बार्बेरीचा विचारही डोक्यात नसताना, तण उपटायला बोटं मातीत घातली की एक काटा आत जातो. गुडघा टेकला तर पँटमधून जातो. टोक मोडून कातडीत राहिलं तर बोट ठसठसतं आणि पिकतं. बागकामाचे साधे कापडी-रबरी मोजे इथे कुचकामी. गुलाबासाठीचे कोपरापर्यंतचे चामडी मोजे लागतात आणि ते घालून बारीक तण चिमटीत येत नाही.

त्यात इथे हरणखुरीच्या जातीचा, पांढऱ्या भोंग्यांच्या फुलांचा बाइंडवीड वेल असतो. तो बार्बेरीच्या मधोमध चढला तर बाहेर ओढता येत नाही आणि बुंध्याशी हात पोचत नाही. वाऱ्याने आलेली चिप्सची रिकामी पाकिटंही तिथेच अडकतात आणि वसंतापर्यंत फडफडत राहतात.

बार्बेरी लावायचीच असेल तर छाटणीआधी बुंध्याभोवती जुनी चादर किंवा ताडपत्री पसरावी. सिकेटरने फांदीचे लांब तुकडे करावेत, विजेची कात्री वापरू नये, तिने शेकडो तुकडे उडतात. हिवाळ्याच्या अखेरीस पाचातली एक, सर्वांत जुनी फांदी जमिनीलगत काढली तर दर वर्षीचं वरवरचं भादरणं टळतं. कापलेल्या फांदीचा गाभा पिवळाधमक दिसला तर घाबरू नका. ही आपल्या हिमालयातल्या दारुहळदीची सख्खी चुलतबहीण, तो रंग घराण्यातलाच. छाट मात्र घरच्या कंपोस्टमध्ये टाकू नये, तेच काटे खतातून अख्ख्या बागेत पसरतात.

फायसोकार्पसची छाटणी उघड्या हातांनी होते. जूनची फुलं ओसरली की एक तृतीयांश जुन्या फांद्या बुंध्यापासून काढायच्या. फुलांची हौस नसेल तर मार्चमध्ये सगळंच वीतभर ठेवून कापा, नवे फुटवे मोठ्या, गडद पानांचे येतात. त्या वर्षी पाणी कमी पडू देऊ नका, कोवळ्या फुटव्यांवर भुरी आधी बसते. ‘डायाब्लो’ दोन-अडीच मीटर जातो, खिडकी झाकतो. लहान बागेला ‘लिटल डेव्हिल’ किंवा ‘लेडी इन रेड’ पुरे. नोव्हेंबरमध्ये पेन्सिलीच्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या काड्या दोन तृतीयांश मातीत खोचल्या तर पुढच्या शरदापर्यंत मुळं धरतात, म्हणजे एका रोपात पूर्ण ओळ होते.

बार्बेरीला जागाच नाही असं नाही. तळमजल्याच्या खिडकीखाली चोराला अडवायला काटेरी झुडपं लावा, असं इथले पोलीसही सुचवतात. कोरड्या उतारावर, जिथे कुणी गुडघे टेकून तण काढणार नाही, तिथेही ती शोभते. तिथे ४५ ते ६० सेंटिमीटरवर रोपं लावावीत. पण पायवाटेच्या कडेला, भाजीच्या वाफ्याशेजारी किंवा मुलांचा चेंडू जातो त्या कोपऱ्यात लावायची असेल, तर रंगातली ती उणीव सोसून मी फायसोकार्पसची कुंडी उचलेन. आधीची बार्बेरी काढून तिथे लावणार असाल तर वरची पाच सेंटिमीटर माती फावड्याने खरवडून काढा आणि पहिलं वर्षभर तिथलं तण खुरप्यानेच काढा.